विश्वामित्रीतली मगर इतकं कमी खाऊन जगते कशी?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये गोकुळाष्टमी नुकतीच झाली होती आणि बडोद्यात गणपतीच्या मांडवांची बोलणी सुरू होती, तेवढ्यात विश्वामित्री नदी शहरात शिरली. काळा घोडा चौकाजवळच्या पुलावर धोक्याची पातळी २५ फूट आहे. पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. पाण्याबरोबर मगरी आल्या. अकोटा स्टेडियमच्या भागात एका घराच्या छपरावर आरामात पडलेल्या मगरीचा फोटो तेव्हा देशभर फिरला. २०१९ च्या जुलैअखेरीसही असंच झालं होतं. चोवीस तासांत जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि गल्लीत साठलेल्या पाण्यातून कुत्र्यामागे सरकणाऱ्या मगरीचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला.

बाहेरगावच्या लोकांना नवल वाटतं ते मगरी रस्त्यावर आल्याचं. बडोदेकरांना त्याचं फारसं काही वाटत नाही. कमाटी बागेतून, कीर्ती मंदिराच्या बाजूने, विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या या नदीत शेकडो मगरी राहतात, हे इथल्या पोरासोरांना माहीत असतं. वर्गात मुलं विचारतात तो प्रश्न वेगळाच असतो आणि माझ्या मते तोच जास्त चांगला आहे: एवढ्या मगरी या एवढ्याशा, सांडपाण्याने गढुळलेल्या नदीत रोज खातात तरी काय?

उत्तर असं की त्या रोज खातच नाहीत. मासे, कासवं, साप, पाणपक्षी, काठावर आलेलं कुत्रं किंवा डुक्कर, नदीत टाकलेलं मेलेलं जनावर, जे मिळेल ते त्या खातात. आणि एकदा पोटभर मिळालं की मोठी मगर पुढे कित्येक दिवस, वेळ आली तर कित्येक महिने, तोंडही उघडत नाही. शहराच्या मधोमध इतक्या मगरी आणि इतकी माणसं शेजारी राहू शकतात, त्यामागे हे मोठं कारण आहे. पण त्या उपाशी राहू शकतात कशा? मगरीचे दात, शेपूट, कातडी कितीही न्याहाळली तरी याचं उत्तर सापडत नाही. त्यासाठी डोळ्यांना न दिसणाऱ्या तिच्या पेशींमध्ये डोकावावं लागतं.

आधी पेशी समजून घेऊ

प्रत्येक सजीव पेशींचा बनलेला असतो, हे वाक्य तुम्ही परीक्षेत लिहिलं असेल. वडाचं पान, मगरीचं काळीज, तुमच्या गालाच्या आतली कातडी, सगळीकडे पेशीच. पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो, त्याला पेशीपटल म्हणतात. आत केंद्रक असतं. (मगरीच्या रक्तातल्या तांबड्या पेशींतही केंद्रक असतं, आपल्या तांबड्या पेशींत ते नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन थेंब शेजारीशेजारी ठेवले तर रक्त कुणाचं, हे शाळकरी मुलगाही सांगेल. मगरीचं रक्त काढायला कुणाला पाठवायचं, हा प्रश्न निराळा.) शिवाय पेशीत तंतुकणिका असतात, इंग्रजी माध्यमातली मुलं त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. अन्नातली साखर आणि चरबी प्राणवायूच्या मदतीने जाळून त्या ऊर्जा मिळवतात आणि ती एटीपी नावाच्या रेणूत साठवतात. पेशीला कुठलंही काम करायचं असलं की ती एटीपी खर्च करते.

आता एक साधा प्रश्न. तुम्ही पलंगावर नुसते पडून आहात, बोटही हलवत नाही. अशा वेळी ऊर्जा कशावर खर्च होते? हृदय आणि फुप्फुसं चालू असतात, ते खरं. पण दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी मोठ्या माणसाला अंदाजे १,५०० कॅलरी लागतात. हिशेब करायला सोपं म्हणून एका पोळीच्या शंभर कॅलरी धरा: पंधरा पोळ्या झाल्या. काहीही न करता! त्यातला मोठा वाटा जातो पेशींचं नुसतं देखभालीचं काम करण्यात. ते काम काय, हे कळलं की मगरीचं अर्धं कोडं सुटतं.

पेशीच्या बाहेर सोडियम जास्त असतं आणि आत पोटॅशियम जास्त असतं. हा फरक टिकला तरच पेशी जगते. मज्जातंतूंतून निरोप जातात, स्नायू आखडतात, हृदय ठोके देतं, ते या फरकाच्या जोरावर. पण पेशीपटल काही पक्कं बंद नसतं. बाहेरचं सोडियम हळूहळू आत झिरपतं, आतलं पोटॅशियम बाहेर. म्हणून पटलातच बसवलेले लाखो सूक्ष्म पंप अहोरात्र चालू असतात. दर फेरीला सोडियमचे तीन कण बाहेर टाकायचे, पोटॅशियमचे दोन आत घ्यायचे आणि एटीपीचा एक रेणू खर्ची घालायचा, असा त्यांचा क्रम. हा पंप डेन्मार्कचे जेन्स स्को यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंवर काम करताना शोधला. त्यासाठी त्यांना १९९७ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, म्हणजे चाळीस वर्षांनी. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या एकूण खर्चाचा साधारण पाचवा हिस्सा एकट्या या पंपावर जातो.

गळकी टाकी आणि सतत चालणारी मोटर

तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकी भरलेली असली की कुठल्याही मजल्यावर नळ सोडला तरी पाणी लगेच येतं. आता समजा, इमारतीतले निम्मे नळ गळके आहेत. कुणी पाणी वापरो न वापरो, टाकी उतरत राहणार आणि ती भरलेली ठेवायला खालची मोटर जवळजवळ दिवसभर चालवावी लागणार. विजेचं बिल येणार भरमसाट. मोटर सतत चालल्याने तापणार, आणि तिच्या खोलीत थंडीतही उबदार राहणार.

माणूस, कुत्रा, गाय, चिमणी या सगळ्यांच्या पेशी म्हणजे अशा गळक्या नळांच्या इमारती. टाकीतलं पाणी म्हणजे सोडियम-पोटॅशियमचा फरक, मोटर म्हणजे पंप, वीज म्हणजे एटीपी, आणि मोटरच्या खोलीतली ऊब म्हणजे आपलं ३७ अंशांचं अंग. मगरीच्या इमारतीतले नळ बऱ्यापैकी घट्ट आहेत. टाकी तीच, मोटरही तशीच, पण ती अधूनमधून चालते. बिल कमी येतं, आणि अर्थातच खोली गरम होत नाही.

हे नुसतं उदाहरण देण्यापुरतं नाही. प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या एल्स आणि हुल्बर्ट या शास्त्रज्ञांनी सरडे घेतले आणि साधारण त्याच आकाराचे उंदीर घेतले. सरड्याचं अंग उंदराइतकं, म्हणजे ३७ अंशांपर्यंत गरम असतानाही त्याचा ऊर्जेचा खर्च उंदराच्या जवळपासही जात नव्हता. म्हणजे फरक केवळ तापमानाचा नव्हता, पेशींच्या घडणीतच होता. उंदराच्या यकृतात, मेंदूत, मूत्रपिंडात तंतुकणिकांचा पसारा कितीतरी मोठा निघाला, आणि त्याची पेशीपटलं सरड्याच्या पटलांपेक्षा कितीतरी जास्त गळकी निघाली. तंतुकणिकांची आतली पटलंही अशीच गळतात आणि त्या गळतीतूनही उष्णताच तयार होते.

मगर सरड्यापेक्षा कितीतरी पट मोठी, पण घडण त्याच जातीची. सत्तर किलोचा माणूस आणि सत्तर किलोची मगर, दोघंही नुसते पडून आहेत आणि मगरीचं अंग ३० अंशांवर आहे असं धरलं, तर तिला माणसाच्या खर्चाचा सातवा ते दहावा हिस्सा पुरतो. पंधरा पोळ्यांच्या जागी दीड-दोन. अंग थंड झालं की त्याहूनही कमी.

आपल्यातही हे नळ किती गळावेत आणि मोटर किती जोरात चालावी, हे ठरवणारी एक कळ असते. ती म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचं संप्रेरक. घरात कुणाला थायरॉइड कमी असल्याची गोळी चालू असेल, तर त्यांना विचारून पाहा. गोळी सुरू होण्याआधी त्यांना इतरांपेक्षा जास्त थंडी वाजायची आणि सारखा थकवा यायचा, असं बहुधा सांगतील. संप्रेरक कमी पडलं की पंप मंदावतात आणि ऊबही घटते.

मग मगरीचं रक्त थंड असतं का?

पुस्तकात मगरीला शीतरक्ती म्हटलेलं असतं, म्हणून मुलांना वाटतं की तिला हात लावला तर ती बर्फासारखी लागेल. उन्हात पडलेल्या मगरीचं रक्त ३२-३३ अंशांपर्यंत तापलेलं असू शकतं, आपल्यापेक्षा चारपाच अंशांनीच कमी. फरक असा की ही उष्णता तिने पेशींत तयार केलेली नसते, उन्हाकडून फुकट घेतलेली असते.

बडोद्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि दुपारी तिशीजवळ जातो. अशा दिवशी सकाळी उशिरा विश्वामित्रीच्या पुलावरून खाली बघा. मगरी काठाच्या चिखलावर उन्हाच्या दिशेने अंग पसरून पडलेल्या दिसतील. त्यांच्या पाठीवरच्या उंचवट्यांखाली हाडाच्या चकत्या असतात. त्यांत रक्तवाहिन्या असल्याने ऊन तिथे शोषलं जातं आणि तापलेलं रक्त शरीरभर फिरतं. अंग फार तापलं तर मगर जबडा उघडून पडून राहते, तोंडातल्या ओलाव्याची वाफ होऊन उष्णता बाहेर जाते. आपल्यासारखा घाम तिला येत नाही. (मात्र मगरी रात्री आणि पावसातही जबडा उघडून बसलेल्या दिसतात, तेव्हा कारण दरवेळी उष्णता हेच असतं असं समजू नये.) उन्हाळ्यात याच्या उलट: दिवसभर पाण्यात नाहीतर काठात खणलेल्या बिळात. ही बिळं कित्येक मीटर लांब असतात. बाहेर ४२ अंश असो की १२, आतलं हवामान फारसं बदलत नाही.

हिवाळ्यात पुलावरून जास्त मगरी दिसतात म्हणून दरवर्षी कुणीतरी ‘मगरी किती वाढल्या बघा’ असं म्हणतंच. मगरी तेवढ्याच असतात. थंडीत त्यांना बाहेर येऊन पडावं लागतं, एवढंच. मोजणीसाठी हे दिवस सोयीचे ठरतात ते यामुळेच.

उपास किती दिवसांचा?

आपल्याकडे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात ते उगाच नाही. माणसाच्या यकृतात साठवलेली साखर साधारण एका दिवसात संपत येते. मेंदू शरीराच्या वजनाचा जेमतेम २ टक्के, पण खर्चाचा २० टक्के वाटा तो एकटा उचलतो, आणि त्याला शक्यतो साखरच हवी असते. साखर संपली की शरीर चरबी मोडायला घेतं, स्नायूही झिजवायला लागतं, आणि सगळं अंग ‘खा, खा’ असा धोशा लावतं. बिल मोठं असलेल्या घरात शिल्लक फार काळ पुरत नाही.

मगरीच्या शेपटीच्या बुडाशी आणि पोटात चरबीचा मोठा साठा असतो. खर्च आधीच थोडा, त्यात थंडीत अंगाचं तापमान दहा अंशांनी उतरलं की पेशींतल्या रासायनिक क्रिया निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतात. खर्चही तितकाच घटतो. म्हणून हिवाळ्यात मगरी जवळजवळ खातच नाहीत, आणि त्यामागे आणखी एक कारण आहे. थंड पोटात अन्न पचत नाही. पचनाच्या विकरांना ऊब लागते. गारठलेल्या मगरीने मोठी शिकार गिळली तर ती आत कुजण्याचा धोका असतो. पोट भरल्यावर मगर पुन्हा उन्हात येऊन पडते ते आळसाने नव्हे. तेव्हा तिचं पचन चालू असतं. तिच्या जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की हाडं, शिंगं, कासवाच्या पाठीचे तुकडेही हळूहळू विरघळतात.

आता शंका येईल: मग आपणही मगरीसारखं थोडं खाऊन राहू शकतो का? नाही. मनाने कितीही ठरवलं तरी पेशीपटलांची गळती उपासाने बंद होत नाही. जास्त दिवस उपाशी राहिलं की शरीर खर्च थोडा आखडतं, पण ते दहा टक्के, वीस टक्के असं. दहापट कधीच नाही.

मग हा महागडा कारभार आपण का मांडला?

वर्गात एका मुलीने विचारलं होतं, की नळ गळतात हे माहीत असूनही ते दुरुस्त का झाले नाहीत? कोट्यवधी वर्षं होती की हाताशी. प्रश्न अगदी नेमका आहे. एवढा खर्च परवडत नसता तर सस्तन प्राणी आणि पक्षी टिकलेच नसते.

आपल्याला त्या बदल्यात मिळालेली मुख्य गोष्ट म्हणजे दम. गल्लीतलं कुत्रं जानेवारीच्या पहाटे तीन वाजता स्कूटरमागे जितक्या जोरात धावतं, तितक्याच जोरात मे महिन्याच्या दुपारीही धावू शकतं, आणि बराच वेळ धावू शकतं. भरपूर तंतुकणिका असल्यामुळे त्याच्या स्नायूंना प्राणवायूच्या मदतीने मिळणारी ऊर्जा सतत पुरवली जाते. मगरीकडे हा पुरवठा तुटपुंजा आहे. ती झेप घेते तेव्हा तिच्या स्नायूंना प्राणवायूवाचून ऊर्जा काढावी लागते. ती ऊर्जा झटकन मिळते, जबरदस्त असते, पण थोड्याच वेळात संपते आणि मागे लॅक्टिक आम्ल साठवून जाते. जोरात पळाल्यावर तुमच्या पोटऱ्या जड होतात ना, तशीच अवस्था, पण कितीतरी तीव्र. हे आम्ल निस्तरायला मोठ्या मगरीला तासन्‌तास लागतात. पाठीवरच्या हाडाच्या चकत्या इथेही कामी येतात: त्यांतले क्षार रक्तात उतरून आम्लाची धार कमी करतात, असं मगरीच्या अमेरिकेतल्या नातलगांवर केलेल्या अभ्यासात दिसलं आहे.

बडोद्यात मगरी पकडून सोडणारे वन खात्याचे कर्मचारी आणि स्वयंसेवक म्हणूनच घाई करत नाहीत आणि फार ओढाताणही करत नाहीत. आधी डोळ्यांवर ओलं पोतं टाकतात. अंधार झाला की मगर बरीच शांत होते. तिला तासभर झुंजवत ठेवली तर रक्तातलं आम्ल इतकं वाढू शकतं की सुटका झाल्यावरही ती दगावते. बघ्यांनी गोंगाट केला, शेपूट ओढली, काठीने डिवचलं, की नेमकं हेच होतं.

मगरीच्या हृदयाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. सरडे, साप, कासवं यांच्या हृदयात तीन कप्पे असतात, मगरीच्या मात्र आपल्यासारखे चार. इतक्या कमी खर्चाच्या प्राण्याला एवढं मोठं हृदय कशाला? काही शास्त्रज्ञांचा तर्क असा की मगरींचे फार प्राचीन पूर्वज जमिनीवर धावणारे, उष्ण अंगाचे प्राणी असावेत, आणि पाण्यात दबा धरून बसण्याचं जगणं स्वीकारल्यावर त्यांनी तो खर्च बंद केला असावा. हृदय तेवढं मागे राहिलं. हे अजून सर्वमान्य नाही, पण मला तरी हा तर्क मोहात पाडतो.

प्राणी गरम, वनस्पती थंड, असं समजायचं का?

असं समजलात तर कमळ तुम्हाला खोटं पाडेल. कमळाचं फूल उमलतं त्या दोन-चार दिवसांत ते स्वतःचं तापमान ३० ते ३६ अंशांच्या दरम्यान राखतं, मग बाहेरची हवा दहा अंशांवर का उतरलेली असेना. ऑस्ट्रेलियात हे १९९० च्या दशकात मोजलं गेलं. फुलातल्या तंतुकणिका अन्न जाळतात, पण एटीपी जवळजवळ न बनवता बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडतात. फायदा असा की ऊब असली की वास दूर पसरतो आणि परागसिंचन करणाऱ्या भुंग्यांना आत रात्र काढायला गरम जागा मिळते. घरी भाजी करतो त्या सुरणाचं फूलही असंच तापतं; त्याला सडक्या मांसाचा वास येतो आणि माश्या-भुंगे धावत येतात. (सुरणाची भाजी खाताना हे कुणी आठवू नये.)

उलट बाजूने पाहिलं तर अजगर मगरीसारखाच शीतरक्ती. पण अंड्यांना वेटोळं घालून बसलेली अजगराची मादी स्नायू थरथरवून उष्णता तयार करते आणि अंडी ऊबदार ठेवते. तेवढ्या दिवसांपुरती ती स्वतःचं अंग स्वतः तापवते. म्हणजे ‘शीत’ आणि ‘उष्ण’ अशा दोन पक्क्या जाती निसर्गाने पाडलेल्या नाहीत. खर्च किती करायचा आणि कधी करायचा, हे प्रत्येक सजीवाने आपापल्या सोयीने ठरवलं आहे.

उपाशी नसते, तर पुरात घरात का शिरते?

शिकारीसाठी नक्कीच शिरत नाही. पूर आला की आधी तिची बिळं बुडतात. मग नदीला जोर चढतो. मगर उत्तम पोहते, पण तिचा दम थोडा. वेगवान प्रवाहाशी तासन्‌तास झुंजणं तिच्या पेशींना झेपत नाही. ती साहजिकच संथ पाणी शोधते, आणि पुरात संथ पाणी असतं सोसायट्यांच्या आवारात, वाहनतळात, बंगल्यांच्या मागच्या अंगणात. पाणी ओसरलं की ती तिथेच अडकते. छपरावर सापडलेली ती मगरही पाणी चढत गेलं तशी वर पोचलेली.

पण हे ऐकून कुणी असं समजू नये की मगर निरुपद्रवी आहे. तिला अन्न कमी लागतं, तरी समोर चालून आलेली संधी ती सोडत नाही. विश्वामित्री आणि ढाढर नदीकाठी माणसांवर हल्ले झालेले आहेत, माणसं दगावलेलीही आहेत. हल्ले बहुतेक पाण्यात किंवा पाण्याच्या अगदी कडेला होतात: कपडे धुताना, अंघोळ करताना, मासे पकडताना, उथळ पाण्यातून पलीकडे जाताना. दबा धरून बसायला तिला जवळजवळ काहीच खर्च येत नाही, म्हणून ती तासन्‌तास हलत नाही आणि आपल्याला वाटतं की तिथे काही नाही. उन्हाळ्यात अंग गरम असल्याने पचन वेगाने होतं आणि भूकही जास्त असते. त्याच काळात मादी अंड्यांजवळ पहारा देते आणि घरट्याजवळ आलेल्याला हुसकावते. मगर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे; तिला मारणं किंवा पकडून ठेवणं गुन्हा आहे. दारात आली तर दार लावून वन खात्याला फोन करायचा, सेल्फी काढायला जायचं नाही.

आणि मग मगरी उचलून दूर धरणात का सोडत नाहीत, असं नेहमी विचारलं जातं. मगरी जागा लक्षात ठेवतात आणि दुरून परत येण्याचा प्रयत्न करतात; वाटेत रस्ते, गावं लागतात, त्यातून नवेच प्रसंग उभे राहतात. शिवाय इथली जागा मोकळी झाली की दुसरी मगर ती घेते. खेडा-आणंदच्या चरोतर पट्ट्यातल्या काही गावांत तळ्यात मगरी आणि काठावर माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. मगर हे खोडियार मातेचं वाहन, म्हणून तिथे तिला कुणी त्रास देत नाही. श्रद्धेइतकीच ही सवयीचीही गोष्ट आहे: कुठे उतरायचं आणि कुठे नाही, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असतं.

ऊन मुलगा की मुलगी ते ठरवतं

मगरीचं उन्हावरचं अवलंबन अंड्यापासूनच सुरू होतं. माणसात बाळ मुलगा की मुलगी, हे गुणसूत्रांवर ठरतं. मगरीत तशी लिंग ठरवणारी गुणसूत्रंच नसतात. मादी उन्हाळ्याच्या तोंडाशी काठाच्या मऊ मातीत खड्डा करून साधारण २५ ते ३० अंडी घालते, आणि पुढचे दोन महिने मातीचं तापमान काय राहतं, त्यावर पिल्लू नर होणार की मादी, हे ठरतं. चेन्नईजवळच्या मगर उद्यानात विश्वामित्रीतल्या मगरींच्याच जातीची अंडी वेगवेगळ्या तापमानांत उबवून पाहिली गेली. निष्कर्ष १९८९ मध्ये छापले गेले. २८ ते ३१ अंशांवर सगळ्या माद्या निघाल्या. ३२.५ अंशांवर सगळे नर. दीड अंशाचा फरक, बस.

घरटं झाडाच्या सावलीत आहे की उघड्यावर, माती वाळूची आहे की काळी, खड्डा किती खोल आहे, एवढ्यावर पुढच्या पिढीत नर किती आणि माद्या किती, ते ठरतं. पुरानंतर २०२५ मध्ये विश्वामित्रीतला गाळ काढण्याची आणि पात्र रुंद करण्याची कामं झाली, तेव्हा काठावरच्या बिळांची आणि घरट्यांची चर्चा झाली ती याचमुळे. काठ नुसता शिल्लक राहून भागत नाही; त्यावर मऊ माती, उतार, थोडी सावली आणि थोडं ऊन, हे सगळं लागतं.

जूनच्या सुमारास पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात. आई घरटं उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. पिल्लू जेमतेम पाऊण-एक फूट लांब असतं, आणि वर सांगितलेला लांब उपासाचा नियम त्याला लागू होत नाही. लहान शरीराचा दर ग्रॅममागे खर्च जास्त असतो, हे उंदराइतकंच मगरीच्या पिल्लालाही लागू आहे, आणि साठा करायला त्याच्याकडे जाड शेपूट नसते. पोटात उरलेल्या बलकावर पहिले काही दिवस निघतात. नंतर त्याला किडे, बेडूक, छोटे मासे वरचेवर मिळावेच लागतात. ते शोधायला बाहेर पडलं की बगळे, घारी, मोठे मासे, मुंगसं, आणि कधीकधी मोठ्या मगरीही टपलेल्या असतात. बहुतेक पिल्लं पहिल्या वर्षातच जातात. पुलावरून उन्हात पडलेली दिसते ती मगर त्यांतून वाचलेल्या थोड्यांपैकी एक असते.